आनंदाची तालीम

आनंद उत्स्फूर्त असावा लागतो. आणि जी गोष्ट असावीच लागते, तिची तालीम घ्यावी लागते. एवढी साधी बाब नृत्याच्या जगाला पटवून द्यायला लातूरच्या निजामोद्दीन मास्तरांना जन्म घ्यावा लागला. थोर नृत्यदिग्दर्शकांच्या यादीत त्यांचं नाव नाही. यादी करणारे लातूरला उतरतच नाहीत, त्याला मास्तर काय करणार? मी गरुडशिखर क्लासेसचा हजेरी कारकून. नाचातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून हे चरित्र मी निःपक्षपातीपणे लिहून राहिलोय.

मास्तर आधी शाळांची गॅदरिंगं बसवायचे. कोळीनृत्य ही त्यांची खासियत. समुद्र न पाहिलेली चाळीस पोरं त्यात जाळी फेकत. मग भूकंप झाला. शाळा पत्र्याच्या शेडात गेल्या, गॅदरिंगं बंद पडली आणि पाहुणे सुरू झाले: मंत्री, समित्या, परदेशी संस्था. प्रत्येकाला 'आम्ही पुन्हा उभे राहिलो' हे डोळ्यांनी बघायचं असे. मास्तरांनी ते बसवून दिलं. पोरं आडवी पडत, आठ मात्रा थांबत, एकमेकांचा हात धरून उठत. दिवसात तीन पाहुणे आले तर तीनदा पडत. (एकदा पाहुणे मध्येच जेवायला उठले. पोरं पाऊण तास पडून होती. शिस्त म्हणजे शिस्त.) त्यातल्या दोघांची आई खरोखर ढिगाऱ्यात गेली होती. ती दोघं उठायला दर वेळी उशीर करत. मास्तरांनी त्यांना कधी टोकलं नाही.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. आमचे संचालक सिद्धराम सर मास्तरांना म्हणाले, "मास्तर, निकालादिवशी पोरं नुसती ठोंब्यासारखी उभी राहत्यात. पेपरवाल्यांनी फोटो कशाचा काढावा?"

"हाव सर. पोरांना खुशी येतच न्हाई. शिकवावी लागंल," मास्तर म्हणाले.

अशी 'जल्लोष' ही मास्तरांची सर्वश्रेष्ठ रचना जन्मली. तालीम निकालाच्या तीन आठवडे आधी. पहिल्या चार मात्रा अविश्वास, म्हणजे हात तोंडावर. मग आईला मिठी, आठ मात्रा. (आई गावी असल्यास भाड्याच्या खोलीची मालकीण चालेल.) गुलाल डाव्या हाताने, कारण उजव्याने दोन बोटं दाखवायची आहेत. आणि शेवटी पहिल्या आलेल्याला खांद्यावर उचलणे. आता पहिला कोण येणार हे निकालाआधी कुणालाच ठाऊक नसतं. वजन मात्र ठाऊक असतं. त्यामुळे वर कोण जाणार हे काट्यावर ठरू लागलं. मर्यादा चाळीस किलो. पद्धत इतकी न्याय्य होती की आजवर एकाही पालकाची तक्रार आली नाही.

त्या वर्षी काट्यावर चाकूरची वर्षाराणी बसली. एकोणचाळीस किलो. नाचायची तर अशी की माझ्यासारखा माणूस हजेरी मांडायची विसरावा! अभ्यासाचं मात्र बोलायला नको. तिचे वडील हणमंतराव घरी बजावून बसले होते, "नंबर आला तर शिक. न्हाई आला तर पावसाच्या आत लगीन." हदगावचं स्थळ तयारच होतं. पोरगी तालमीत हसायची आणि जिन्यात बसून रडायची. मास्तर म्हणाले, "वर्षा, रडणं खांद्यावर चढल्यावर चौथ्या मात्रेला घे. वाया जाऊन राहिलंय."

निकाल लागला. आमचा रामलिंग सत्त्याण्णव टक्क्यांनी पहिला आला. पण तो भरला ब्याऐंशी किलो. सबब त्याला खालच्या ओळीत घेतलं, आणि खांदा त्याने उत्तम दिला. वर्षाराणीला बावन्न टक्के. ती वर गेली, दोन बोटं दाखवली, आणि चौथ्या मात्रेवर तिच्या डोळ्यांना धार लागली. ती धार मात्र बसवलेली नव्हती. पेपरात फोटो असा आला की पुढे सरांनी तो क्लासच्या कॅलेंडरवर घेतला. नांदेडपासून निलंग्यापर्यंत घरोघरी लागला.

निकालाच्या तिसऱ्याच दिवशी फेटा बांधून, पेपरातला फोटो घेऊन हणमंतराव ऑफिसात हजर. "मास्तर, माझी पोरगी पहिली आली म्हंत्यात. खरं का?"

मास्तर म्हणजे उभी हयात खोटं खरं करून दाखवण्यात गेलेला माणूस, पण आज त्यांना एकही स्टेप सुचेना. "फोटोत हाय ना?" ते कसेबसे म्हणाले.

सोबत आलेल्या वर्षाराणीने गुणपत्रिका पुढे केली. हणमंतरावांनी ती घेतली, बराच वेळ धरली, फोटोच्या मागे ठेवली आणि दोन्ही मिळून फ्रेम करून आणले. गुणपत्रिका पुठ्ठ्याच्या जागी बसली. चाकुरात सत्कार झाला. हदगावला नकार गेला. वर्षाराणी कॉलेजात गेली आणि संध्याकाळी मास्तरांच्या हाताखाली शिकू लागली.

बापाला गुणपत्रिका समजली नाही असं तिला वाटत होतं; तीन वर्षांनी न राहवून तिने खरं सांगून टाकलं.

"ठाव हाय की," हणमंतराव म्हणाले. "सातवी झालोय मी. बावन्न वाचता येतंय."

"मग तवा बोललाव का न्हाई?"

"तू खरंच रडत होतीस, बाई. येवढं मला फोटोत दिसलं."

आता 'जल्लोष' वर्षाराणी मॅडमच बसवतात. मास्तर खुर्चीत बसून ताल धरतात.

तो कॅलेंडरवरचा फोटो तुमच्याही स्वयंपाकघरात आहे. सालं उलटली तरी तुम्ही तो काढला नाही, मुलीला रोज त्याच्याकडे बोट दाखवून "बघ जरा तिच्याकडं!" म्हणता. मागची बाजू हणमंतरावांनी वाचली, तुम्ही नाही. गेल्या जूनमध्ये तुम्ही आमचा प्रवेश अर्ज भरलात. नावाच्या खाली वजनाचा रकाना होता. क्लास पोरांच्या तब्येतीलाही किती जपतो, असं तुम्ही घरी कौतुकाने म्हणालात. तो अर्ज माझ्यासमोर आहे. तुमची मुलगी एकावन्न किलो. तिला खालच्या ओळीत घेतलं आहे, मार्क कितीही पडोत.