कॅसेटीत कैद भुलाबाईच्या सुटकेची हकीकत

श्रीभुलाबाई-भुलोजी प्रसन्न. सौसर मुक्कामी भुलाबाईची गाणी पस्तीस वर्षे कैदेत होती, ती कोणी व कैशी सोडविली, ऐसे गल्लीतील मंडळी पुसतात आणि दर खेपेस आमची फजिती निराळी सांगतात. सबब खरी फजिती साद्यंत लिहिली असे.

वर्तमान ऐसे जे, राजश्री भगवंतराव गुरुजी यांनी ऐन जवानीत, आपल्या कुटुंबाच्या, म्हणजे प्रेमलताबाईसाहेबांच्या, रामाकोना गावच्या मातोश्रींची गाणी, बाईसाहेबांच्या तोंडून ऐकोन, घरगुती संगणकावर इंग्रजी अक्षरांनी टंकिली, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अक्षरांचा चिरका आवाज करून कॅसेटीवर साठविली. मग मातोश्री निवर्तल्या, मग संगणकही निवर्तला, आणि बाईसाहेबांस गाणी अर्धी अर्धी आठवू लागली. औंदा कोजागिरीस मुली अंगणी जमणार आणि बाईसाहेब दुसऱ्या कडव्यापाशी थबकणार, ऐसे संकट उभे राहिले.

तेव्हां नातू प्रतीक, म्हणजे खासा बखरकार, ज्याची संगणकविद्या प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करणे येथवर, त्याने विडा उचलिला. टेपरेकॉर्डरापासून लॅपटॉपास तार जोडिली, आवाजाची अक्षरे करणारा प्रोग्राम उतरविला, कळ दाबिली, आणि ऐसी किंकाळी उठली की शेजारचे कवडूकाका भिंतीवरून, "कोनाचं मांजर दाबून राहिला बे?" ऐसे पुसते जाहले. लॅपटॉपावर नुसती प्रश्नचिन्हे. मग तार बदलिली, मग आवाज वाढविला, मग नारळ फोडिला, आणि प्रश्नचिन्हे दुप्पट जाहली. तिसरे दिवशी गुरुजींनी फर्मान काढिले की दोष यंत्राचा नसून नातवाचा.

कोजागिरी उद्यावर आली. आता भुलाबाईचा रिवाज ऐसा की, खिरापतीचा डबा बंद ठेवून खुळखुळवावा आणि आत काय ते मुलींनी आवाजावरून ओळखावे. या विद्येत बाईसाहेबांचा हात धरणारा मुलखात कोणी नव्हता; झाकणाआडचे मुरमुरे ताजे की शिळे तेही सांगत. किंकाळी ऐकोन त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि बोलिल्या, "थांब बे. हा आवाज लंगडून राहिला. चार पावलं नीट, मंग एक पाय ओढते."

टेप उघडिला, तो आतील रबरी पट्टा सैल पडलेला. प्रतीक तत्काळ फटफटीवर आरूढ होऊन पांढुर्ण्यास कूच करिता जाहला. वाटेत पेट्रोल संपले. तो भाग शौर्याचा नसल्याने येथे लिहिला नाही. वसंत रेडिओवाल्याकडील नवा पट्टा चढविला, आणि अक्षरे फौजेसारखी रांगेने उतरली.

अकरा गाणी पुरी निघाली. बारावे अर्धे, आणि त्याखाली गुरुजींची नोंद: प्रेमलता झोपली, बाकी उद्या. तो उद्या पस्तीस वर्षे उगवला नाही. गुरुजी पंख्याकडे पाहू लागले.

"अवो, मी झोपली नव्हती," बाईसाहेब कडाडल्या. "तुमी एकएक अक्षर हुडकून राहिले होते. मी डोळे मिटून वाट पाहून राहिली होती!"

मग प्रतीकाने ते अर्धे गाणे वाचिले, आणि बाईसाहेब पुढले अर्धे न अडखळता म्हणत्या जाहल्या. गुरुजींनी लॅपटॉप ओढोन घेतला, एका बोटाने टंकू लागले, आणि "जरा हळू," ऐसी अर्जी गुदरिली. या खेपेस बाईसाहेब डोळे उघडे ठेवून बसल्या.

येणेप्रमाणे आश्विन शुद्ध पौर्णिमेस बारा गाणी अंगणी गायिली गेली, बाईसाहेब कोठेही थबकल्या नाहीत, मोहीम फत्ते जाहली. अकरा गाणी कॅसेटीने दिली, एक बाईसाहेबांनी; बखरकाराने पट्टा आणिला. खरेखोटे कवडूकाकांस पुसावे, मांजरीचे सोडून.