देह हजर करा

"हेबियस कॉर्पस! देह हजर करा!"

शुक्रवारी दुपारी कुवेतच्या रिग्गई भागातल्या आमच्या फ्लॅटमधून ही आरोळी उठली की शुवैख बंदरातली जहाजं आपल्यालाच सुटायचा हुकूम झाला असं समजून नांगर उचलतात. घरचे पुण्याला गेल्यापासून खानविलकरने मला सोबतीला ठेवून घेतलंय; तो व्हिडिओ कॉलवर असतो. पलीकडे पुण्यात वहिनी, आणि हजर करायचा देह म्हणजे त्यांची मुलगी सई.

माणूस वकील वगैरे नव्हे. कंपनीचा मंदूब, बंदरात अडकलेला माल शिक्के मारून सोडवून आणायचा, हे काम. तिथल्या रांगांत मोबाइलवर वाचून वाचून इंग्लंड-अमेरिकेचे जुने कायदे याच्या अंगात यायला लागले. डांबलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे उभं करा, हा इंग्रजांचा हेबियस कॉर्पस त्याचा विशेष लाडका. तो कायदा म्हणे मतं मोजणाऱ्याने एका लठ्ठ सरदाराला गमतीत दहा धरलं म्हणून पास झाला. हे वाचल्यापासून एसी किती ठेवायचा यावर घरात मतदान निघालं की खानविलकर आधी मला आपल्या बाजूला ओढतो. मी बसेन तिकडे दहा मतं.

सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा त्याचा. अमेरिकेत पाच वर्षं राहून जमीन कसली की ती कसणाऱ्याची, असा होमस्टेडचा कायदा होता. "मी तर हा सात वर्षं कसतोय," तो सांगतो. कसल्याच्या खुणाही आहेत. दुसरं कुणी तिथे बसलं तर खड्ड्यात गडप होतं. ईदला आलेला एक पाहुणा अजून सापडायचाय.

सई वाढली कुवेतमध्येच. दहावी झाल्यावर कॉलेजसाठी खानविलकरने तिला आईबरोबर पुण्याला पाठवून दिलं. तिला विचारलं नाही. विमानतळावर पोरीने एकच वाक्य ऐकवलं, "बाबा, तुमची ती हक्कांची सनद, मॅग्ना कार्टा, फक्त सरदारांसाठीच का?" आणि तेव्हापासून ती कॅमेऱ्यासमोर येणं बंद. एखाद्या शुक्रवारी दाराआडून कोपर दिसायचं, कधी वेणीचं टोक.

"कोर्टाने कोपर दाखल करून घेतलं आहे," खानविलकर गंभीरपणे जाहीर करायचा आणि आठवडाभर त्या कोपराच्या तब्येतीबद्दल बोलायचा. जरा वाळलंय, पण रंग बरा आहे.

पुढे कोपरही येईना. आतून "नॉट नाऊ, बाबा" एवढंच.

मग एका शुक्रवारी आरोळीच उठली नाही. खानविलकर आपल्या खड्ड्यात बसून होता. मी एसी परस्पर वाढवला, तरी मतदान मागितलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरून चहा केला.

"कायदा मागे घेतला," तो कपाकडे बघत म्हणाला. "अरे, हा हुकूम जेलरला द्यायचा असतो. मी इतके दिवस कैद्यावर ओरडत होतो."

"मग जेलर कोण?"

चहावर साय धरली.

तासाभराने माझा फोन वाजला. सई.

"काका, आज बाबांचा फोन नाही आला."

म्हटलं, बसलाय इथेच.

"मग हजर करा."

आवाज शांत होता, पण हुकूम बजावणाऱ्याचा. मी तो देह कोपऱ्यातून उपसून काढला, हातात फोन दिला आणि सभ्य माणसासारखा स्वयंपाकघरात गेलो. तिथून दाराच्या फटीतून सगळं नीट दिसतं.

फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. पलीकडे सई वही उघडून अभ्यासाला बसलेली. अलीकडे खानविलकर गुडघ्यांवर हात ठेवून, आरोपीसारखा ताठ. कुणी कुणाशी बोलेना. माझा कुकर शिट्टी करणार होता, तोही मी बंद केला.

बऱ्याच वेळाने फोन ठेवल्याचं ऐकून मी बाहेर आलो. विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही," खानविलकर म्हणाला. "अख्खी होती."