बापूकाकांना खुनी सांगायचा नाही

खुनी कोण, हे आमच्या सिंदी मेघेच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माहीत नाही ते एकट्या बापूकाकांना. आणि पिक्चर त्यांचा, टीव्ही त्यांचा, दर शनिवारी संध्याकाळी आम्हा शेजाऱ्यांना बोलावून तो दाखवणारेही तेच.

पिक्चर जुना, हिंदी, काळापांढरा. धुक्यातली हवेली, पांढऱ्या साडीत गात फिरणारी बाई, आणि तिच्या मागे गेलेला माणूस सकाळी विहिरीत. मग हॅटवाला जासूस येतो. शेवटी तो सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो, बोट उचलतो आणि म्हणतो, "खूनी इसी कमरे में है." नेमके तेव्हाच बापूकाका उठतात, दाराजवळचा मेन स्विच खाली ओढतात आणि गंभीरपणे जाहीर करतात, "लाइन गेली."

टीव्ही बंद, पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यात वर्ध्यात कूलर बंद करणं हा खरं तर वेगळा गुन्हा आहे. काकांना त्याचं काही नाही. ते मेणबत्ती लावतात आणि खटला चालवायला घेतात.

काकांचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं. "कापड पाह्य, मानूस समजते," हा त्यांचा एकमेव सिद्धांत. "भुताच्या साडीले कांजी हाय. भुताले इस्त्री कोन करून देते रे? म्हंजे ते भूत नाई. अन् त्या डॉक्टरचा कोट पाह्य. खेड्यातल्या डॉक्टरले इतकं भारी कापड कुठून? खुनी डॉक्टरच!"

"मग पुढची पाच मिनिटं बघून टाका ना," मी एकदा म्हणालो.

"कशी पाहू? लाइन गेली ना!"

ही लाइन पहिल्यांदा खरोखरच गेली होती. लोडशेडिंगचे दिवस होते. टीव्हीवर हा पिक्चर लागला होता आणि याच जागी अंधार झाला. काकांच्या बायकोचं, मालताकाकूंचं म्हणणं, खुनी आचारी. "अख्ख्या पिक्चरमंदी एकदाही मीठ चाखून नाई पाह्यलं त्यानं. तो आचारीच नोहे!" पिक्चर पुन्हा लागला नाही, पण भांडण चालू राहिलं. पोळ्या लाटताना, लग्नाच्या पंगतीत, एसटीत. डॉक्टर की आचारी? दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर मुलानं तो पिक्चर कुठूनसा शोधून पेनड्राइव्हवर आणून दिला, आणि काका स्विच ओढायला लागले.

आम्ही सगळ्यांनी घरी जाऊन मोबाइलवर शेवट बघून घेतला. त्यांच्यासमोर मात्र कोणी बोलत नाही. नागपूरहून आलेला माझा मेहुणा एकदा "अहो, तो तर..." म्हणाला, तेवढ्यात माझ्या बायकोनं अख्खा आलुबोंडा भावाच्या तोंडात कोंबला. त्याची जीभ भाजली, गल्लीची अब्रू वाचली.

मागच्या हिवाळ्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"सांग, कोन होता?"

"काका, आज काय हे?"

"उद्या मी वर गेलो त तुझी काकू दारातच इचारन, कोन होता? मी काय सांगू तिले?"

खुनी डॉक्टर नव्हता आणि आचारीही नव्हता. दोघंही हरले होते. नवरा-बायकोनं इतकी वर्षं जपलेलं भांडण मी एका शब्दात संपवणार होतो.

"नाही सांगत," मी म्हणालो. "परत या, मग बघू."

काका चिडले. "आखरी वक्ताले बी अडून राह्यला!" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. रस्ताभर मला वाटत राहिलं, आपण चुकलो.

काका परत आले. जरा हिंडू-फिरू लागल्यावर शनिवारी पुन्हा गल्ली जमली. जासूसानं बोट उचललं, "खूनी इसी कमरे में है." काकांनी उठायचा प्रयत्न केला, पण छातीवरच्या टाक्यांनी उठू दिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, स्विच खाली ओढला आणि म्हणालो, "लाइन गेली."

मग अंधारातून काकांचा आवाज आला.

"त्या दिवशी तू नाई सांगतलं ते बरं केलं. रिकाम्या हातानं गेलो असतो त घरात घेतलं नसतं तिनं मले. म्हनून वापस आलो."