अकारविल्हे लावलेला कॉम्प्युटर

"सोमवारी साहेब एकेकाला बोलावून कॉम्प्युटरच्या आत काय असतं ते विचारणार म्हणे. आणि मग त्याची खुर्ची..."

जिन्यात टायपिस्टबाई शिपायाला सांगत होत्या. फाइलभाऊ दिसले आणि दोघं पांगले.

उत्तर आलं नाही तर खुर्ची हलणार, हे भाऊंनी ताडलं. सव्वीस वर्षं ऑफिसच्या फायली लावल्या, म्हणून तर हे नाव पडलेलं. खिडकीजवळची ती खुर्ची म्हणजे त्यांचा जीव की प्राण. (उशीला पडलेला खड्डासुद्धा त्यांच्याच मापाचा!) आणि कॉम्प्युटरच्या आत काय असतं? अहो, बाहेर काय असतं तेच अजून नीटसं उमगलं नव्हतं.

रविवारी भाऊंच्या सौभाग्यवती, म्हणजे आपल्या वहिनी, बहिणीकडे गेल्या. भाऊंनी मनाचा हिय्या केला, वहिनी टायपिंगची कामं करत त्या घरच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि स्क्रूड्रायव्हर लावला.

झाकण निघालं. आत धूळ आणि वायरींचं जंजाळ. नावं कुठे ठाऊक होती? पण शिस्त ठाऊक होती. जे निघेल ते पाकिटात, पाकिटावर वर्णन: 'डबी, चपटी, जड.' 'पट्टी, हिरवी.' 'वायर, लाल.' शेवटी हाडीमासी खिळलेल्या सवयीने सगळी पाकिटं अकारविल्हे लावली. कशी देखणी दिसत होती!

परत जोडायची वेळ आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. कुठला तुकडा कुठून निघाला, याची नोंदच नव्हती! मग आधी डबी, नंतर पट्टी, नंतर वायर, असं मुळाक्षरांच्या भरवशावर जोडलं आणि बटण दाबलं. पेटीने पीं पीं पीं असा टाहो फोडला. भाऊंनी घाबरून प्लग ओढला, तोच दार उघडलं.

"अहो, कोण रडतंय?"

"कोणी नाही गं. तू इतक्या लवकर?"

वहिनींना रिकामी पाकिटं दिसली, वर 'डबी, चपटी, जड.' "माझा कॉम्प्युटर... पाकिटांत भरला होता?"

"हरवलं काहीच नाही. सगळं अकारविल्हे जोडलंय."

"प्राध्यापकबाईंची टाइप केलेली दोनशे पानं उद्या सकाळी द्यायचीत मला! कुठे आहेत ती? तुमच्या त्या चपट्या डबीत! हार्ड डिस्क म्हणतात तिला."

भाऊंनी जीभ चावली. धूळ निघावी म्हणून ती डबी त्यांनी चांगली टेबलावर आपटली होती. (हे मात्र बोलले नाहीत. मरण कोणाला हवंय?)

वहिनींनी वायरी जागच्या जागी लावल्या. "आता ही पट्टी, रॅम. हार्ड डिस्क म्हणजे तुमचं कपाट आणि रॅम म्हणजे टेबल, हातातल्या कामापुरतं. बसवा. कट्ट आवाज येईपर्यंत दाबा."

"तुटली तर?"

"तर माहेरी मी नाही जायची. तुम्ही जा!"

कट्ट. पडदा उजळला. दोनशेच्या दोनशे पानं शाबूत. भाऊ पाकिटं गोळा करायला लागले. पण वहिनी कसल्या सोडतात! संध्याकाळपर्यंत एकेक भाग नावानिशी चारदा काढून बसवायला लावला.

सोमवारी साहेबांनी खरंच विचारलं. टायपिस्टबाई म्हणाल्या, "वायरी असतील." शिपायाने साहेबांचं टेबल पुसायला घेतलं. भाऊंनी मात्र मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क घडाघडा म्हणून दाखवलं, वर कपाट-टेबलाचा दाखलाही दिला.

"शाब्बास!" साहेब उठूनच उभे राहिले. "असाच माणूस शोधत होतो."

खुर्ची हलणार ही बातमी खरी ठरली, पण अर्धीच. ज्यांना काही आलं नाही, त्यांच्या खुर्च्या होत्या तिथेच राहिल्या. भाऊंची तेवढी शिपायाने उचलली आणि बंद पडलेल्या चाळीस कॉम्प्युटरांच्या मधोमध नेऊन ठेवली, तळघरात. आणि तळघराला कसली आलीय खिडकी!