पाहून येतो गा

मेश्रामकाकांना कोणी बातमी सांगितली की ते आधी हेल्मेट शोधतात. बातमी ऐकून बाकीची माणसं ‘अरे बापरे’ म्हणतात, निदान चार जणांना फोन तरी करतात. काका फक्त विचारतात, “तुनं पाह्यलं काय?” आपण नाही म्हणालो की ते म्हणतात, “मंग मी पाहून येतो गा,” आणि स्कूटर काढतात.

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर एकटे राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, जम्मूला एका दवाखान्यात नर्स आहे. पाटबंधारे खात्यात काकांचं काम तलावाची पातळी पाहण्याचं होतं. ऊन असो, पाऊस असो, काठावर जाऊन पट्टी डोळ्यांनी वाचायची आणि मगच आकडा कळवायचा. घरी बसून अंदाजे आकडा ठोकून देणारे महाभागही त्या खात्यात होते. त्यांचा विषय निघाला की काकांचा घास आजही हातातच राहतो.

एकदा समोरच्या गल्लीतले एक आजोबा वारल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. काका पाहून आले आणि म्हणाले, “बुढा आंबा चोखून राहिला.” आजोबांनी आमच्यासाठीही दोन आंबे दिले होते. श्रद्धांजली वाहिलेल्या माणसाचे आंबे खायला जरा कसंतरी वाटतं, पण गोड होते.

मग सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि देशभर एकच धांदल उडाली. सीमा आमच्यापासून किती लांब, पण आमच्या ग्रुपवर युद्ध जणू शेजारच्या मानेवाड्यापर्यंत येऊन ठेपलं होतं. ग्रुपचे प्रमुख लांजेवार. बातमी खरी की खोटी याची त्यांना फिकीर नसे. आपल्याआधी ती दुसऱ्या कोणी टाकली तर नाही ना, एवढीच काळजी. पहिला बॉम्ब नागपूरवरच पडणार, कारण नागपूर देशाच्या मधोमध आहे, हा त्यांचा सिद्धांत.

“मधोमध आहे म्हणून तं सगळ्यायच्या दूर आहे,” काका म्हणाले.

मी स्वतः त्या दिवसांत सोफा सोडला नव्हता. टीव्हीवरचे निवेदक असे ओरडत होते की आवाज बंद केला तरी त्यांच्या गळ्याच्या शिरा ऐकू येत. घरात मिठाचे पुडे माझ्याच सांगण्यावरून आले होते. मीठ कशाला, हे तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

धरमपेठेत पेट्रोल संपल्याची बातमी आली. काका गेले. पंपावर रस्त्यापर्यंत रांग होती. काकांनी रांगेत प्रत्येकाला विचारलं, तुमाले कोणी सांगितलं? प्रत्येकानं पुढच्याकडे बोट दाखवलं. असं करत करत ते पहिल्या माणसापाशी पोचले. तो बिचारा चाकात हवा भरायला आला होता. मागे वळून पाहतो तर एवढी रांग, म्हणून घाबरून त्यानंही टाकी फुल्ल करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याच्या तलावात शत्रूचं ड्रोन पडल्याचं लांजेवारांनी जाहीर केलं. ड्रोन खरंच पडलं होतं. लग्न ठरलेल्या एका जोडप्याचे फोटो काढता काढता फोटोग्राफरच्या हातून ते पाण्यात गेलं होतं. काकांनी नवरदेवाची रीतसर विचारपूस केली, पाणी किती खोल आहे ते त्याला न विचारताच सांगितलं आणि फाटकाशी येऊन नेहमीच्या थाटात निकाल दिला, “खोटी आहे. पाहून आलो.”

आम्ही हसायचो. लांजेवार तर म्हणायचे, सरकारनं काकांना पेट्रोल फुकट द्यायला पाहिजे. पण त्या आठवड्यात काकांच्या फेऱ्या फार वाढल्या होत्या. कोणी काही सांगायच्या आतच ते हेल्मेट घालून फाटकाशी उभे असत.

“जम्मूले स्कूटर जात नाही ना,” माझी बायको सुनंदा म्हणाली, “म्हणून बिचारे सक्करदऱ्याले जाऊन राहिले.”

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

प्रज्ञाचा फोन रोज संध्याकाळी येई. ‘बाबा, मी ठीक आहे’ एवढ्यावर काकांचं समाधान होत नसे. ते विचारत, “खिडकीतून काय दिसून राहिलं?” मग ती पोर सांगत बसे. दवाखान्यासमोर औषधाचं दुकान आहे, पिवळ्या पाटीचं. त्याच्या बाजूला निळ्या छत्रीखाली राजमा-चावलवाला म्हातारा उभा आहे. “आज बी उभा आहे ना?” काका खात्री करून घेत. तो उभा असला की काका जेवत. आता तिकडचे फोनच लागेनासे झाले होते आणि म्हाताऱ्याची खबर मिळत नव्हती.

एके दिवशी सकाळी टीव्हीवर लाल अक्षरं झळकली. आदल्या रात्री जम्मूत दवाखान्यावर हल्ला. नाव प्रज्ञाच्याच दवाखान्याचं. सोबत कुठल्याशा जळत्या इमारतीचं चित्र.

आमचा ग्रुप त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प होता. लांजेवारांकडे ही बातमी सगळ्यात आधी आली असणार, पण त्यांनी ती टाकली नाही. सुप्रभातही कोणी टाकलं नाही. शेवटी काका हेल्मेट घालून आमच्या दारात आले.

“आज ग्रुप काहून चूप आहे गा?”

मी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “तुनं पाह्यलं काय वं?”

“नाही काका. टीव्हीवर दाखवून राहिले.”

त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. फोन लावून पाहिला, परत लावून पाहिला. लागला नाही. मला वाटलं आता हा माणूस मोडणार. पण काकांनी विचारलं, “बातमी रात्रीची आहे ना? मंग आज सकाळी तिकून जे गाडी सुटली असन, ते उद्या दुपारी इथी येते. त्या गाडीतल्या लोकायनं पाह्यलं असन.”

उत्तरेतून दक्षिणेत जाणारी गाडी नागपूरला थांबते, हे मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी मला ते सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काका, मी आणि लांजेवार फलाटावर उभे होतो. लांजेवारांना कोणी बोलावलं नव्हतं. तरी ते पाण्याच्या बाटल्या घेऊन आले होते. गाडी लागली तसे काका खिडकी-खिडकीशी जाऊन दवाखान्याचं नाव घेऊन विचारू लागले. एक तरुण म्हणाला, सब खत्म हो गया अंकल.

“देखा क्या?”

“नहीं, वीडियो आया था.”

काका पुढच्या खिडकीकडे गेले. कोणी म्हणालं सुना है, कोणी म्हणालं पता नहीं. गाडी सुटायच्या बेतात असताना एका डब्यात एक प्रौढ बाई मांडीवर डबा उघडून बसलेली दिसली. दवाखान्याचं नाव ऐकून ती म्हणाली, “उसी के सामने से तो कल सुबह ऑटो में आए हम. खड़ा है जी, कुछ नहीं हुआ.”

काकांनी खिडकीचा गज धरला. “सामने क्या है?”

“सामने? दवाई की दुकान है.”

“पाटी कौन्से रंग की?”

बाई गोंधळली. मग म्हणाली, “पीली. साथ में वो राजमा-चावलवाला बाबा.”

“खड़ा था?”

“खड़ा था. छतरी खोल रहा था.”

गाडी हलली. काका गज धरून चार पावलं तसेच चालत गेले. लांजेवारांनी त्यांना मागून धरलं. काका त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि लांजेवारही रडले. मी पाण्याची बाटली उघडून उभा राहिलो, कोणाला द्यावी ते कळेना.

सोसायटीच्या फाटकाशी सगळी बिऱ्हाडं जमली होती. काका स्कूटरवरून उतरले. “खोटी आहे,” ते म्हणाले. पुढचे दोन शब्द ऐकायला आम्ही थांबलो होतो. काकांनी मान हलवली. “पाहून नाही आलो गा. ऐकून आलो. पण बाई खरं बोलून राहिली होती.”

प्रज्ञाचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. मी तिथेच बसलो होतो. तिकडे कोणी तरी आमच्या दवाखान्याची भलतीच बातमी दाखवली म्हणे, ती म्हणत होती. बाबा, तुमच्यापर्यंत तर नाही ना आली? घाबरले तर नाही ना तुम्ही?

“कोणती बातमी वं?” काका म्हणाले. “मी कुठी टीव्ही पाह्यतो. मी तं मजेत जेवून राहिलो.”

समोर ताट नव्हतं. काल सकाळी सुनंदानं आणून दिलेला डबाही तसाच बंद होता. ही एक खोटी बातमी मात्र आम्ही कोणी पाहायला गेलो नाही.