माझ्या अनुभवाचा गोल तक्ता

ज्याला आकडे कळतात तो कार्यालयात मागच्या खोलीत बसतो आणि ज्याला ते दाखवता येतात तो पुढच्या; ही व्यवस्था शहाण्या माणसांनी पुष्कळ विचार करून लावलेली आहे. मी नऊ वर्षं डेटा अ‍ॅनालिस्ट होतो, आणि अर्थातच मागच्या खोलीत होतो. मग कंपनीने मागची खोलीच बंद केली. (खुर्च्या ठेवून घेतल्या. त्या उपयोगाच्या होत्या.)

पाच महिने घरी बसल्यावर एका मुलाखतीचं बोलावणं आलं. त्यात ठळक अक्षरांत सूचना होती : उमेदवाराने आपल्या सादरीकरणाच्या अनुभवावर दहा मिनिटं बोलावं. बायको शिवणकाम करते आणि पाच महिने घर तिच्याच मशीनवर चाललं होतं. ही नोकरी हातची जाऊन चालणार नव्हतं.

मला अनुभव अगदीच नव्हता असं नाही. आमचे जुने साहेब उभे राहून बोलत आणि मी कोपऱ्यात संगणकाशी बसून स्लाइड पुढे सरकवत असे. साहेबांनी घसा खाकरला की पुढची स्लाइड, असा आमचा संकेत होता. एकदा साहेबांना खोकला झाला आणि चाळीस स्लाइडचं सादरीकरण चार मिनिटांत आटोपलं. त्या वर्षी सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

या अनुभवाला भारदस्तपणा यावा म्हणून मी त्याचा गोल तक्ता केला. शास्त्रशुद्ध विभागणी अशी : रंग निवडणे ४२ टक्के, प्रोजेक्टरची वायर कुठे लागते ते शोधणे २६ टक्के, साहेबांच्या घशाकडे लक्ष ठेवणे २१ टक्के आणि आकडे तपासणे १८ टक्के. (शेवटचा आकडा किंचित फुगवलेला आहे. पोटाचा प्रश्न होता.)

आदल्या दिवशी घरी तालीम केली. प्रेक्षक म्हणून बायको, तोंडात चार टाचण्या धरून. माझं संपल्यावर तिने टाचण्या काढल्या आणि विचारलं, "हे आकडे नीट बघितलेस ना?"

मी तिला समजावलं की आमच्या धंद्यात लोक रंग बघतात. दोनदा मोजायची सवय शिंप्यांना लागते, कारण त्यांचं शिक्षण कमी पडतं. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा काजं करायला बसली. त्या "बरं"नेच मी सावध व्हायला हवं होतं.

मुलाखतीला तिघं होते : विभागप्रमुख बाई, नोकरभरतीचे अधिकारी, आणि एक गृहस्थ जे खोली त्यांच्या नावावर होती म्हणून बसले होते. कोपऱ्यात संगणकाशी एक पिकल्या केसांचा माणूस होता. घाबरून मी घसा खाकरला आणि त्याने तत्काळ पुढची स्लाइड लावली. आमची नजरानजर झाली. भाऊ भेटल्यासारखं वाटलं मला. पुढे मी सात वेळा खाकरलो आणि दहा मिनिटांचं काम तीन मिनिटांत उरकलं.

तिघांनी गोल तक्त्याकडे बराच वेळ पाहिलं. खोलीवाल्या गृहस्थांनी हिरवा रंग विशेष आवडल्याचं सांगितलं. बाईंनी मान डोलावून शेरा दिला, "आकड्यांवर चांगली पकड आहे तुमची." सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी हाच तक्ता सगळ्या कार्यालयाला दाखवायचा, असंही ठरलं.

घरी येऊन हे सांगताना मला रडू आलं. बायकोनेही डोळे पुसले आणि तालमीसाठी छापलेला माझ्या तक्त्याचा कागद आता मोकळा झाला म्हणून कॉलरचा नमुना कापायला घेतला. कात्री लावण्याआधी तिने तो एकदा वाचला आणि खडूने मागच्या बाजूला चार आकडे एकाखाली एक मांडले.

"एकशे सात होतात," ती म्हणाली. "मी सात इंच कापड जास्त कापलं तर गिऱ्हाईक भांडायला येतं. तुला नोकरी मिळाली."

सोमवारच्या आत दुरुस्ती करणं भाग होतं. रंगांना हात लावायची माझी छाती झाली नाही. वायरीशिवाय काहीच दिसत नाही, आणि साहेबांचा घसा तर सोडताच येत नाही. शेवटी आकडे तपासण्याच्या अठरा टक्क्यांतले सात कमी केले. बेरीज शंभर झाली आणि तक्ता पहिल्यापेक्षा खराही झाला.

कार्यालयाने सोमवारी हा सुधारलेला तक्ता पाहिला. तुम्ही मात्र वर चार परिच्छेदांच्या आतच जुना वाचलात, कंसातल्या इशाऱ्यासकट, आणि मान डोलावून पुढे आलात. आमच्याकडे पुढच्या खोलीत एक जागा रिकामी आहे. अर्ज जरूर करा.