यंत्रपूजेच्या अक्षता आणि खो-खोची नोंदणी

श्रीकळफलकवासिनी शारदा साह्य असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, विजयादशमीचा सुदिन. ते दिवशी एका डोंगरी राज्यात जो प्रसंग गुदरला, तो ऐसा जे : राज्यात मोबाईलास रेंज म्हणोन नाही, आणि बाहेरील मुलखाशी बोलावयास कचेरीतील एक संगणक व त्याची एक केबल, इतकीच वाट. त्या संगणकाचे कारभारी सखोपंत. गृहस्थ मोठे कसबी, परंतु पंचांगाबाहेर पाऊल घालणार नाहीत. राज्यातील मुलींनी खो-खोत वर्षभर घाम गाळिला होता, आणि स्पर्धेची नोंदणी दसऱ्याचा सूर्य मावळेतो इंटरनेटावरोनच पोचती व्हावयाची होती. पंतांची लेक हौसा संघाची नायिका. पुढील साली तिचे वय उलटणार, म्हणोन हीच खेप अखेरची. मुलींच्या शिक्षिका ठकूबाई घटस्थापनेपासोन म्हणत होत्या, "पंत, एकदाचे पाठवा नि मोकळे व्हा." आणि पंत म्हणत, "बाई, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त तोंडावर असता भलत्याच दिवशी लेकींची नावे धाडू काय?"

मग खंडेनवमीस शस्त्रांबरोबर संगणकाची पूजा जाहली. पंतांनी केबली काढोन पेटी पुसिली, आणि देवाचे मुख पूर्वेस असावे म्हणोन तिचे तोंड भिंतीकडे फिरविले. तेणेकरोन पाठ मंडळींकडे आली, आणि सकळांनी भक्तिभावे हळदकुंकू व ओल्या अक्षता पाठीवरच वाहिल्या, आणि वर झेंडूची घसघशीत माळ घातली. दसऱ्यास दुपारी मुहूर्त लागला, तेव्हा पंतांनी माळेखाली हात घालोन चाचपत केबली जोडिल्या आणि संगणक जागा केला, तो इंटरनेट नाही! पंतांनी त्यास पुसिले, तुझे पदरी कोण कोण? तो कळफलक हजर, माऊस हजर, प्रिंटर हजर, नेटवर्कचे कार्डही हजर. परंतु केबल जोडलेली नाही, ऐसा लाल फुलीचा जबाब आला. "खोटे बोलतो लबाड!" पंत कडाडले. "केबल ही काय, डोळ्यांदेखत माळेखाली गेली आहे!" मग कार्डाचा ड्रायव्हर बडतर्फ करोन पुन्हा नेमिला, आणि संगणक निजवोन उठविला, आणि भिंतीवरील राउटरही बंद करोन चालू केला, आणि फुली तैसीच. उन्हे कलली. हौसा खांबाशी उभी राहोन मावळतीकडे पाहू लागली, आणि ते पाहणे पंतांचे काळजास घरे पाडू लागले.

ठकूबाई म्हणाल्या, "पंत, फुली केबलीचे नाव घेते, तर केबलच का बघत नाही?"

"उत्तरपूजा सीमोल्लंघनानंतर. तोवर माळ कैशी काढू? देव कोपेल, बाई!"

ते समयी बाईंचा तोल सुटला. "मुहूर्त तुमचा, पूजा तुमची, आणि वर्ष वाया पोरींचे! कोणता देव यावर प्रसन्न होतो, ते तरी सांगा!"

पंतांनी लेकीकडे पाहिले. तिचे डोळे भरोन आले होते. मग देव कोपो की राहो, पंतांनी हात जोडोन माळ उतरविली, आणि वीज बंद करोन केबलीचे टोक ओढिले, तो ते अर्धेच बसले होते. आणि खाचेत पाहतात तो अक्षतांचे दाणे कुंकवाने चिकटोन आत ठाण मांडोन बसलेले! "अरे देवा! हे तर आम्हीच वाहिले की हो!" म्हणोन पंतांनी कपाळावर हात मारिला. ठकूबाईंनी केसांतला आकडा काढोन दिला, आणि पंतांनी दाणा दाणा टोकरोन काढिला, आणि केबल लाविली, ती टक् करोन बसली. वीज येताच खाचेशेजारी हिरवा दिवा लुकलुकला, आणि लाल फुली नाहीशी जाहली.

सूर्य डोंगराचे माथ्यास टेकला असता नोंदणी रवाना केली, आणि पंतांस पुढे पाहवेना. ते डोळे घट्ट मिटोन बसले.

"बाबा, उघडा ना डोळे," हौसा म्हणाली. "संघ घेतला आमचा. पहिलंच नाव माझं आहे."

पंतांनी डोळे उघडिले, परंतु पाण्यामुळे त्यांस एक अक्षर दिसेना. मग लेकीनेच सगळी नावे मोठ्याने वाचोन दाखविली.

येणेप्रमाणे संकट घरीच उद्भवले आणि घरीच फिटले. देव कोपल्याचे कोणी ऐकिले नाही. पंतांचा मुहूर्त टळला, आणि हौसा मैदानात उतरली. जैसे कानी आले तैसे लिहिले. अधिक उणे वाचणारांनी सांभाळोन घ्यावे.